दीवची वाळू

आमच्या वाडीत एका मुलाचा पाय वाळलेला होता. त्याची आई त्याला रोज दुपारी किनाऱ्यावर आणायची, हाताने खड्डा करायची आणि कमरेपर्यंत गरम वाळूत पुरून ठेवायची. आम्ही पोरं भोवती बसून त्याला शंख दाखवायचो. एवढं मला स्वच्छ आठवतं. तो पुढे चालला की नाही, हे मात्र आठवत नाही. पुष्कळ आठवून पाहिलं. सिल्व्हासाला असताना तर रात्रंदिवस तेच आठवत बसायची.

माझं माहेर मालवणकडे, अगदी समुद्राच्या कडेला. चौथीत शाळा सुटली, पुढे घाटावरचं स्थळ आलं आणि मी मास्तरांची बायको झाले. माणूस शिकलेला. चौथी शिकलेल्या बायकोला घालून पाडून बोलायची त्या काळी रीतच होती, पण ह्यांनी मला कधी एका शब्दाने दुखवलं नाही. उलट सिल्व्हासाला बदली झाल्यावर संध्याकाळी वर्तमानपत्र समोर धरून मला मोठ्याने वाचायला लावायचे, आणि मी अडले की मुकाट्याने थांबून राहायचे. मी ह्या माणसाचे उपकार मोजत जगले. उपकार मोजणाऱ्या माणसाच्या मनात सारखी एक भीती असते, की आपल्या हातून काहीतरी बिघडेल आणि हे सगळं जाईल.

बिघडलं ते पावसाळ्यात. आमची पोरगी तेव्हा तिसऱ्या वर्षात होती. दोन-तीन दिवस ताप आला, उतरला, आणि उतरल्यावर तिला उभी केली तर ती गळून खाली बसली. मला वाटलं अशक्तपणा. शेजारीण म्हणाली, "पायांवरून वारं गेलं." मुंबईच्या डॉक्टरांनी त्याला पोलिओ म्हटलं. दोन्ही पाय गेले होते, डावा जास्त.

मुंबईचे डॉक्टर चांगले होते. त्यांनी पाय कसे चोळायचे, गुडघे कसे सरळ ठेवायचे ते दाखवलं. सातवं लागलं की लोखंडी पट्ट्यांचे बूट करू म्हणाले. आणि आम्ही निघालो तेव्हा ह्यांना दोनदा बजावलं, "मास्तर, उशीर करू नका. गुडघे एकदा आखडले की बूटही बसणार नाहीत." सातवं लागेल त्या वर्षी जूनच्या सुरुवातीला बोलावलं होतं.

लोखंडाचं नाव काढलं की मी पोरीचे पाय पदराखाली झाकून घ्यायची. सहा-सात वर्षांची पोर, तिच्या काडीसारख्या पायांना लोखंड. मी ह्यांच्या मागे लागले. "अहो, एकदा समुद्राची वाळू करून बघू या."

"वाळूने नसा जिवंत होतात होय?" हे हसले नाहीत, पण असं म्हणाले.

"आमच्याकडे करतात."

"त्याने बरं झालेलं कोणी पाहिलंय?"

मला खोटं बोलता येईना आणि खरं ठाऊक नव्हतं.

माहेरी जायचं म्हटलं तर तिथे आता कोण होतं? आई गेली होती, भावांनी घर वाटून घेतलं होतं, आणि दोन्ही भावजयांना माझी लंगडी पोर दारात नको होती. म्हणून एका रविवारी आम्ही जवळच्या दमणला जाऊन आलो. ओहोटी लागली होती. समुद्र कुठल्या कुठे गेलेला आणि इकडे नुसता काळा चिखल. पाय पुरावे तर बर्फासारखा गार. पोरगी म्हणाली, "आई, हा समुद्र आहे की गावाबाहेरचं तळं?" हे हसले. मला रडू आलं.

तेव्हा ह्यांच्या ओळखीचे एक कारकून होते. आधी आमच्याच शेजारी, सिल्व्हासाच्या आमली भागात राहायचे, मग त्यांना दीवला धाडलं. पोर्तुगीज जाऊन फार दिवस झाले नव्हते, इकडची माणसं तिकडे पाठवत होते. ते एकटेच होते आणि त्यांना मोठं क्वार्टर मिळालं होतं. त्यांनी निरोप पाठवला, मे महिन्याच्या सुट्टीत या, बेट आहे, चारी बाजूंनी समुद्र आहे, वहिनींना हवी तेवढी वाळू मिळेल.

ह्यांनी महिनाभर विचार केला. मग एका सकाळी दाढी करता करता आरशातच बघून म्हणाले, "जाऊ या. पण परत आलं की मुंबई. तेव्हा रडायचं नाही."

मी त्यांच्या पाया पडले. त्यांना ते आवडायचं नाही, तरी पडले.

शेजारणीला कळलं तेव्हा ती कुंपणावरून म्हणाली, "शुं बेन, रेतीसाठी एवढा लांब? आपल्या दमणगंगेत रेती संपली काय?" ती पालघरकडची, नवरा शिपाई, तिचं बोलणं असंच अर्धं इकडचं अर्धं तिकडचं.

"नदीच्या रेतीत मीठ नसतं," मी म्हटलं.

"मीठ तर घरात पण आहे. टाक की रेतीमध्ये." असं म्हणाली, आणि संध्याकाळी वाटेसाठी बाजरीच्या पिठाची ढेबरं करून घेऊन आली.

वापीहून अहमदाबाद, तिथून लहान रुळांची गाडी, सगळं सौराष्ट्र ओलांडून. पोरीला मांडीवर घेऊन माझ्या मांड्या बधिर झाल्या. तिला रमवायला मी जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची बाहुली शिवायला घेतली. तोंड, हात झाले, आणि पाय करताना पोरगी म्हणाली, "लांब कर. लांब पाय कर हिचे." मी लांब केले. आत चिंध्या थोड्याच उरल्या होत्या, त्यामुळे ते लोंबत राहिले. शेवटी होडीने खाडी ओलांडून बेटावर उतरलो तेव्हा तिने बाहुलीला पाण्याकडे तोंड करून धरली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी वाळू शोधायला लागले.

लोकांना वाटतं वाळू म्हणजे वाळू. पण त्या एवढ्याशा बेटावर एका किनाऱ्याची वाळू दुसऱ्यासारखी नव्हती. गावाजवळच्या जालंधरला खडक जास्त, त्यातून मिळेल ती वाळू जाड आणि फुटक्या शिंपल्यांची. पोरीला बसवलं तर मांड्यांवर ओरखडे. पुढे चक्रतीर्थ. तिथे लाटा खडकांवर आपटून वर उडायच्या, कोरडी जागाच मिळेना. नागवाचा किनारा चंद्रकोरीसारखा वळलेला. मागे फांद्या फुटलेले ताड, तिथले लोक त्यांना होका म्हणतात. असा ताड मी आयुष्यात पाहिला नव्हता. ताडाला कुठे फांदी फुटते? मला तो शुभशकुन वाटला. जिथे ताडाला फांदी फुटते तिथे माझ्या पोरीच्या पायाला का नाही फुटणार जीव? असली काहीतरी वेडी जुळवाजुळव माझ्या डोक्यात सारखी चालायची.

नागवाची वाळू मऊ होती, मैद्यासारखी. दुपारी पाय ठेववत नव्हता. मी पदराने तोंड बांधून खड्डा केला, आधी कोपर टेकवून ऊन पाहिलं, जसं बाळाच्या आंघोळीचं पाणी पाहतात, आणि पोरीला कमरेपर्यंत पुरली. हे छत्री धरून उभे. काळी छत्री, शाळेत न्यायची तीच. वारा असा, की छत्री सारखी उलटी व्हायची आणि हे ती सुलटी करायचे. पण तिथून हलले नाहीत.

"भाजतंय का गो?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही गो आई, छान वाटतंय." माझंच 'गो' उचललं होतं तिने. कपाळावर घामाचे थेंब, ओठ कोरडे, आणि म्हणे छान वाटतंय.

काही दिवस नागवा केलं. मग वाटलं, ही वाळू फार बारीक, उष्णता धरत नाही. मग गोमतीमातेचा किनारा. पांढरीशुभ्र वाळू आणि चिटपाखरू नाही, नुसता वारा. पुरलेल्या पायांवरची वाळू बसल्या बसल्या उडून जायची, मी पुन्हा ओढायची, पुन्हा उडायची. हे दूर पाठमोरे उभे राहून समुद्राकडे बघायचे. घाटावरचा माणूस, पाण्याची त्यांना भीती होती. घोट्याच्या वर कधी गेले नाहीत.

बैलगाडीने बेटाच्या पश्चिमेच्या टोकाला वणाकबाऱ्यालाही गेलो. तिथे खारव्यांच्या होड्या, दोऱ्यांवर बोंबील, वाळूवर पसरलेली मासळी. तो वास आला आणि मला माहेरी आल्यासारखं झालं. तोंडाला पाणी सुटलं. ह्यांनी मात्र नाकाला रुमाल लावला. मासळी उलथत बसलेल्या एका म्हाताऱ्या खारवणीने आम्हाला खड्डा करताना पाहिलं आणि गुजरातीत विचारलं, काय करताय? मी मोडकंतोडकं सांगितलं. पोरीच्या पायांवरून तिने हात फिरवला, आपली दोन बोटं गुडघ्याच्या मागे घालून पाहिली, आणि मग म्हणाली, "बेन, आ रेतीमां तो अमे माछली सुकवीए." या वाळूत तर आम्ही मासे वाळवतो.

ती वाईट मनाने बोलली नव्हती. निघताना तिने मला मूठभर सुकट बांधून दिली. पण त्या दिवशी मी पोरीला वाळूत पुरली नाही. परत येताना गाडीत बाहुलीचे पाय लोंबत होते आणि पोरीचेही, आणि दोन्हीकडे मला बघवेना.

सुट्टी संपत आली. पायांत काही नव्हतं. मी रोज सकाळी अंगठ्याला चिमटा काढून "हलव बघू" म्हणायची, ती दात आवळून तोंड लाल करायची, आणि पाय आपला जिथल्या तिथे. शेवटी मी म्हणणं सोडलं. मनात म्हटलं, जाऊ दे, लोखंड तर लोखंड.

निघायच्या आदल्या दिवशी हे म्हणाले, "आज नको पुरू. आज तिला नुसतं खेळू दे." चक्रतीर्थाला गेलो. खडकांच्या मधे पाणी साचून डबकी झाली होती, काचेसारखी. ह्यांनी पोरीला उचलून एका डबक्याच्या कडेला बसवली, पाय पाण्यात. मी जरा वर वाळूने भरलेले कपडे झटकत होते. तोच हाक आली. असा आवाज मी ह्यांचा कधी ऐकला नव्हता.

"हलला! अगं धाव, हलला! पाय हलला तिचा!"

मी धावले. पाय खडकावर सोलवटला तेही कळलं नाही. हे गुडघाभर पाण्यात उतरले होते, घोट्याच्या वर न जाणारा माणूस. धोतर भिजलेलं, चष्म्यावर पाणी. "बघ, बघ आता... तो बघ!"

मी बघितलं. पोरीचा पाय पाण्यात पुढे आला. मग मागे गेला. मग थोडा थांबला, आणि पुन्हा पुढे आला. बाहेर लाट फुटली, खडकाच्या फटीतून पाणी आत आलं, पाय पुढे. पाणी ओसरलं, पाय मागे. समुद्राकाठी जन्मलेल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही. आमच्याकडे डबक्यात मेलेला मासा असतो, तोही असाच शेपटी हलवतो. लहान पोरं फसतात, हात घालतात, आणि मोठी हसतात.

हे रडत होते. मोठ्याने, लहान मुलासारखे. पोरीला ताप आला तेव्हा नाही, डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा नाही, एवढ्या वर्षांत कधीच नाही, आणि आता रडत होते, हसत होते. "तू म्हणत होतीस," मला म्हणाले, "तू म्हणत होतीस आणि मी ऐकत नव्हतो."

पोरगी आळीपाळीने आमच्या दोघांकडे बघत होती.

मी म्हटलं, "हो. हलला."

सिल्व्हासाला आलो ते हे वेगळेच माणूस होऊन आले. शाळेत सांगितलं, पोस्टात सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं. शेजारीण नारळ घेऊन आली. "मास्तर, दाखवा ना, कसा हलते?"

"कोरड्यावर अजून नाही," हे म्हणाले. "पाण्यात हलतो. पाण्यात वजन कमी होतं ना, म्हणून सुरुवात पाण्यातच होणार. शास्त्रच आहे ते." शेजारणीने माझ्याकडे पाहिलं. मी नारळ घेऊन आत गेले.

ह्यांनी संध्याकाळी तिला दमणगंगेवर न्यायला सुरुवात केली. मेअखेरचं पाणी, मधे धार आणि कडेला वाळू. हे धोतर खोचून धारेत बसायचे, पोरीला पुढ्यात धरायचे, आणि तिचे पाय धारेबरोबर लांब व्हायचे, डोलायचे. "कालच्यापेक्षा जास्त," म्हणायचे. "आज डावाही." वाटेवर वारली बायका लाकडाच्या मोळ्या घेऊन जायच्या, थांबून बघायच्या, आपापसांत काहीतरी बोलून पुढे जायच्या.

जून लागला. मी भीत भीत विचारलं, "मुंबईला कधी निघायचं?"

"आता कशाला लोखंड?" हे म्हणाले. "एवढी सुधारणा होतेय. पावसाळा जाऊ दे. दिवाळीत पुन्हा दीवला जाऊ."

 रोज सकाळी पाय चोळताना मला कळत होतं, डावा गुडघा पूर्वीसारखा सरळ होत नव्हता. हाताला काहीतरी अडल्यासारखं लागत होतं. दार पावसाने फुगलं की ते जसं शेवटच्या बोटभर अडतं, तसं. 'उशीर करू नका' हे डॉक्टरांचं वाक्य कानात घुमायचं. आणि तरी बोलवेना. वाळूचं खूळ मीच काढलेलं. त्या माणसाला आशा मीच लावलेली. आता त्याच तोंडाने काय सांगू, की अहो, ते पाणी होतं? आणि सांगितलं तर पुन्हा ह्यांचा तो मागच्या चार वर्षांतला चेहरा, दगडासारखा. मी भांडी घासताना मनातल्या मनात वाक्य जुळवायची, आणि हे दारात आले की विसरायची. पोरीलाही सांगायची सोय नव्हती. असं मला वाटत होतं.

एके संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं. मी म्हटलं, आज नको. पण हे निघालेच, म्हणून मीही गेले. पोरीने बाहुली बरोबर घेतली होती. नेहमी घरी ठेवायची, भिजेल म्हणून. ह्यांनी तिला धारेत धरलं. पाय डोलायला लागले. हे म्हणाले, "शाब्बास! बघ, बघ कशी मारते पाय."

पोरीने बाहुली आपल्या शेजारी पाण्यात धरली. कमरेला धरली, दोन्ही हातांनी, जशी ह्यांनी तिला धरली होती तशी. बाहुलीचे ते लांब, लोंबते पाय धारेत गेले, ताठ झाले, आणि डोलायला लागले. हिचे डोलत होते तसेच. त्याच तालात, एकाच बाजूला.

"बघा बाबा," ती म्हणाली, "हिचेपण हलतात."

तिने हे मुद्दाम केलं की खेळता खेळता, ते मी तिला कधी विचारलं नाही. ती आता मोठी आहे, विचारता येईल. पण विचारणार नाही.

 हे पायांच्या दोन्ही जोड्यांकडे बघत राहिले. मग पावसाचे मोठे थेंब पाण्यावर पडायला लागले, तेव्हा पोरीला खांद्यावर घेऊन उठले. मी बाहुली पिळून घेतली.  घरापर्यंत पोरगी ह्यांच्या पाठीवर हाताने थोपटत होती, मोठं माणूस लहानाला थोपटतं तशी.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी शाळेत रजा टाकली आणि आम्ही मुंबईला गेलो. डावा गुडघा थोडा आखडलाच होता. डॉक्टर रागावले नाहीत, नुसते "हं" म्हणाले, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. काही आठवडे प्लास्टर घालून पाय ताणून ठेवावे लागले. पोरगी रात्री तोंडात माझ्या पदराचा बोळा धरून कण्हायची. मग बूट बसले, पण डाव्याला बाहेरून जास्तीची पट्टी लागली, ती आयुष्यभरासाठी. बुटाशिवाय ती कधीच चालली नाही. बूट आणि दोन काठ्या घेऊन चालली, एवढं झालं. ते एवढं त्या डॉक्टरांमुळे झालं, आणि मी त्यांचं नाव अजून देवासमोर घेते.

घरी आल्यावर पहिल्यांदा ती बूट घालून ओटीवर चालली, तेव्हा फरशीवर लोखंड वाजलं. शेजारीण कुंपणाशी आली होती, ती तशीच परत गेली. संध्याकाळी हे पायरीवर बसून बुटांच्या पट्ट्यांना तेल देत होते. एकाएकी मान वर न करता म्हणाले,

"तुला दीवलाच कळलं होतं."

मी हो म्हटलं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही हसत होता," मी म्हटलं.

त्यांनी बूट फिरवला आणि दुसऱ्या बाजूच्या खिळीला तेल सोडलं. पोरगी आतून हाक मारत होती, माझे बूट द्या म्हणून.